वस्ती वाढली, शाळा नाही: नव्या प्राथमिक शाळेचा प्रस्ताव कुठे अडतो

नव्या शाळेच्या मागणीला 'नाही' असं उत्तर सहसा कोणी देत नाही. प्रस्ताव 'त्रुटीपूर्ततेसाठी' परत येतो, आणि तो पुन्हा वर जाईपर्यंत ते शैक्षणिक वर्ष हातातून गेलेलं असतं. म्हणून अर्जाच्या भाषेपेक्षा त्रुटी कुठे काढल्या जातात याकडे जास्त लक्ष द्या.

आधी पात्रता. शिक्षण हक्क कायदा २००९ आणि महाराष्ट्राचे २०११चे नियम यांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, आणि ६ ते ११ वयाची, त्या शाळेत यायला तयार असलेली किमान २० मुलं हवीत. मध्ये डोंगर असेल, पावसाळ्यात ओढा अडवत असेल, रस्ताच नसेल, तर अंतराची अट सैल करता येते. पण हे अर्जात लिहावं लागतं, 'साहेबांना माहीतच आहे' म्हणून सोडून चालत नाही. अंतर मोबाइलच्या नकाशावर सरळ रेषेत मोजू नका. मुलं चालतात त्या वाटेने, केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) सोबत घेऊन मोजा आणि त्यांची सही घ्या.

वाढत्या वस्त्यांची सर्वांत मोठी गल्लत इथे होते. किलोमीटरच्या आत शाळा आहे, पण तिथे एका खोलीत दोन-दोन वर्ग कोंबले आहेत. अशा ठिकाणी सहसा नवी शाळा मिळत नाही, वाढीव वर्गखोल्या मिळतात, आणि त्याचा प्रस्ताव वेगळा असतो. तो शाळा व्यवस्थापन समितीच्या शाळा विकास आराखड्यातून जातो. कायद्याप्रमाणे प्राथमिकला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे एक खोली हवी. पटसंख्येचा तक्ता जोडून तेवढंच मागितलं, तर काम लवकर हलतं. दाट वस्तीत दुसऱ्या शाळेचा विचार करायला नियमांत जागा आहे. पण ती मागणी करायची असेल तर आधीच्या शाळेत जागा उरलेली नाही हे कागदावर दाखवावं लागेल.

दुसरा गैरसमज मुदतीचा. 'कायद्यात तीन वर्षांत शाळा द्यायची आहे' असं सांगत लोक अर्जाच्या तारखेपासून वर्षं मोजतात. कलम ६ मधली ती तीन वर्षं कायदा लागू झाला त्या १ एप्रिल २०१० पासूनची होती. ती २०१३ मध्येच संपली. त्यावर भिस्त ठेवू नका. खरी वेळ निराळीच आहे: 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेचा वार्षिक आराखडा एप्रिलपासूनच्या वर्षासाठी असतो, पण त्याची जुळवाजुळव आदल्या हिवाळ्यातच होते. शाळांची माहिती यू-डायसवर (देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी प्रणाली) ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरून भरली जाते. मार्चमध्ये धावपळ करून दिलेला प्रस्ताव पुढच्या आराखड्याची वाट पाहत पडून राहतो. दिवाळीपूर्वी फाइल पंचायत समितीत असावी.

मुलांची यादी करताना नाव, जन्मतारीख, पालकांची सही आणि मूल सध्या कुठे शिकतं, हे सगळं लिहा. संख्या फुगवायला अंगणवाडीतली मुलं घालतात, ती पडताळणीत गळतात. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलांचे पालक भिडेखातर सही करतात आणि अधिकारी घरी आले की 'आम्ही नाही काढणार' म्हणतात. यादी २० वर टेकलेली असेल तर असं एकच घर प्रस्ताव पाडायला पुरतं. चार-पाच नावं जास्तीची हवीत, पण खरी.

ठराव ग्रामसभेचा हवा, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा नव्हे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी उपस्थिती लागते. सह्यांचं पान जोडा.

आता जागा. मंजूर झालेल्या शाळासुद्धा वर्षानुवर्षं मंदिराच्या ओसरीत भरतात, त्या बहुतेक जागेमुळे. गावातला कोणी मोठ्या मनाने म्हणतो, 'माझ्या रानातली घ्या.' स्टॅम्पपेपरवर संमती होते, नोटरी होते, फोटो निघतो. या कागदाने मालकी बदलत नाही. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं. देणारे वारले की त्यांच्या मुलांचं मत बदलतं, आणि शाळेकडे उरतो तो नुसता फोटो.

त्याआधी सातबारा वाचा. सामाईक खातं असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतील, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवा. भोगवटादार वर्ग दोन (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडचा मार्ग धरा. नोंदणी झाल्यावर फेरफाराचा (सातबाऱ्यावर नवं नाव लागण्याच्या नोंदीचा) पाठपुरावा करा, कारण बांधकाम विभाग जिल्हा परिषदेच्या नावाचा सातबाराच मागतो. गायरान 'सरकारचंच आहे' म्हणून सोपं वाटतं. पण गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेल्या निकालानंतर तिथे हात आखडता असतो, दुसरी जागा नाही हे दाखवावं लागतं.

शहरात विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. नंतरच्या २४ महिन्यांतही हालचाल झाली नाही तर आरक्षणच जातं.

शाळेची मान्यता, शिक्षकांची पदं आणि इमारत या तीन वेगळ्या मंजुऱ्या आहेत. पहिली मिळाली की पेढे वाटले जातात आणि तिसरीचा पाठपुरावा थांबतो. इमारतीसाठी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), असा क्रम असतो. मध्ये आचारसंहिता लागली तर सगळं जागच्या जागी थांबतं. नारळ फुटला म्हणून काम सुरू झालं असं समजू नका, कार्यारंभ आदेशाची प्रत मागा.

फाइल कुठे आहे हे कोणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात त्या फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणीच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. 'शाळा का होत नाही' असं विचारू नका, अशा प्रश्नाला उत्तर टाळणं फार सोपं असतं. त्यानंतर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा. म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. विषयाच्या ओळीत 'कलम ३२ अन्वये तक्रार' असंच लिहा. 'निवेदन' लिहिलं की ते निवेदनांच्या गठ्ठ्यात जातं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, तीन महिने त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजायचे आहेत.