खडी मशीनचा जबडा आणि सैनिकाचं हेल्मेट

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्याला मँगनीज स्टील काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. खडी मशीनच्या जॉ प्लेटा, म्हणजे दगड चावणाऱ्या जबड्याच्या प्लेटा, याच्याच असतात, आणि कुणी त्यात होल पाडायला गेला की ड्रिलचं टोक जळतं पण होल काही पडत नाही, कारण हे स्टील जेवढा मार खातं तेवढं कडक होत जातं. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा कोयता कडक होतो, हे मात्र उलटं, साधारण १०५० डिग्रीला तापवून पाण्यात बुडवलं की मऊ आणि चिवट होतं, आणि लोहचुंबकही धड चिकटत नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डनं ते शोधलं, त्यात १२-१३ टक्के मँगनीज.

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं थाळीसारखं हेल्मेट आणि १९४१ चं अमेरिकन एम-१, दोन्ही याच जातीची!

फौजेतल्या मराठा सेंटरातून रिटायर झालेल्या आमच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "काय सांगूलास! एवढ्या पातळ पत्र्यानं गोळी अडतीय होय?"

रायफलची नाही काका. एम-१ चा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. तो मुख्यतः तोफगोळ्याच्या उडत्या तुकड्यांसाठी, आणि टेस्टला पॉइंट ४५ पिस्तुलाची गोळी, १५ ग्रॅम वजन, सेकंदाला २४४ मीटरच्या आसपास वेग, म्हणजे ऊर्जा ४४० जूलच्या घरात. ९ एमएमची गोळी वजनानं जवळपास निम्मी पण वेगवान आणि बारीक, त्यामुळं दर चौरस मिलिमीटरवर तिचा जोर जवळजवळ दुप्पट पडतो, आणि एके-४७ चा तर ४५ च्या नऊ-दहा पट. ती अडवायची तर पाच-सहा मिलिमीटरचं कडक स्टील लागेल, आणि तसलं पाच-सहा किलोचं घमेलं डोक्यावर घेऊन कोण पळणार?

टेस्टमध्ये "अडली का नाही" एवढंच बघत नाहीत. एकाच वेगाच्या दोन गोळ्यांतली एक अडते, एक आरपार जाते, म्हणून काडतुसातली दारू कमीजास्त करून वेगवेगळ्या वेगानं गोळ्या मारायच्या, प्रत्येकीचा वेग मोजायचा, आणि ज्या वेगाला निम्म्या आरपार जातील असा अंदाज निघतो तो आकडा धरायचा, त्याला व्ही-५० म्हणतात. तुकड्यांसाठी १.१ ग्रॅमचा, ठरलेल्या आकाराचा स्टीलचा बारका तुकडाच झाडतात. हेल्मेटमागं ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवतात, त्याला भोक पडून उजेड दिसला की आरपार धरायचं. मला हे फार आवडलं, एवढं सगळं करून शेवटी उजेड दिसतोय का ते बघायचं.

काकांचा पुढचा प्रश्न, "आणि मान? झटक्यानं मोडायची न्हाई?"

नाही मोडत. गोळीचा धक्का झाडणाऱ्याच्या हाताला बसतो साधारण तेवढाच, सिनेमातल्यासारखा माणूस उडत नाही. खरी भीती पोच्याची. मँगनीज स्टील चिवट, फाटण्याआधी ताणतं, म्हणून गोळी अडली तरी आत खोल पोचा येतो आणि कवटीला लागला तर गोळी अडून उपयोग शून्य. म्हणून आत लायनर घालून डोकं आणि पत्रा यात मोकळी जागा ठेवतात. आता तर टेस्टला आत मऊ मातीचं डोकं बसवतात, आणि गोळी मारून झाली की मातीत किती खळगा पडला ते मोजतात.