गोठलेल्या सरोवरावर चालणे

हिवाळ्यात सरोवराच्या पृष्ठभागावर धरलेल्या बर्फाच्या थरावरून पायी जाणे. सायबेरिया, स्कँडिनेव्हिया, कॅनडा अशा थंड मुलखांत ही जुनी वहिवाट आहे. उन्हाळ्यात जिथून होडी जाते, तिथून हिवाळ्यात माणसे चालत किंवा घसरगाडीने जातात. भारतात लडाखमधील पँगाँग त्सो, श्रीनगरचे दल सरोवर आणि हिमालयातील उंचावरची अनेक लहान सरोवरे हिवाळ्यात गोठतात.

पुण्याहून निघालेली झेलम एक्सप्रेस ग्वाल्हेरवरूनच जम्मूला जाते, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत ‘एकदा बर्फ बघून यायचं’ हा बेत नेहमी ऐकू येतो. ही नोंद त्या प्रवाशाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे, कारण या बाबतीत मैदानातल्या माणसाची चूक ठरलेली असते. तो थंडी अंगावर मोजतो आणि तिच्यावरून बर्फाचा अंदाज बांधतो. दोन स्वेटर घालूनही हुडहुडी भरते आहे, म्हणजे बर्फ पक्काच असणार, असे त्याला वाटते. बर्फाची जाडी मात्र आजच्या थंडीने ठरत नाही. मागच्या कितीतरी रात्री कशा गेल्या, खाली पाणी किती खोल आहे, ते वाहते की थांबलेले, आणि वर हिम कधी पडले, यावर ती ठरते.

मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. या नोंदीत जागच्या जागी गोठलेल्या पाण्याला बर्फ आणि आकाशातून भुरभुरत पडणाऱ्याला हिम म्हटले आहे. हा फरक पुढे जीवनमरणाचा ठरतो. ‘पातळ बर्फावर चालणे’ हा वाक्प्रचारही आपला नव्हे. आपली जुनी भाषा अशा प्रसंगी तारेवरची कसरत म्हणते, कारण आपल्या पूर्वजांच्या पायांखाली बर्फ कधी आलाच नाही.

ग्वाल्हेरचे तलाव का गोठत नाहीत

ग्वाल्हेरची जानेवारी सौम्य नसते. कोहरा म्हणजे धुके दहा-दहा वाजेपर्यंत हटत नाही, चौकाचौकांत अलाव म्हणजे शेकोट्या पेटतात, आणि एखाद्या रात्री शेतावर पाला म्हणजे गोठलेले दव पडून मोहरी करपते. तरीही तिघरा धरणाचे पाणी गोठत नाही आणि बैजा तालही गोठत नाही. याचे कारण पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४ अंश सेल्सिअसला. वरचे पाणी थंड झाले की जड होऊन खाली बसते आणि खालचे कोमट पाणी वर येते. ही उलथापालथ तळापर्यंतचे सगळे पाणी ४ अंशांवर येईपर्यंत चालते. त्यानंतरच आणखी गार झालेले पाणी हलके होऊन वर थांबते आणि ० अंशाला गोठते. एवढी उष्णता काढून घ्यायला आठवडेच्या आठवडे थंडी लागते. ग्वाल्हेरला दुपारी ऊन पडते आणि रात्रीची कमाई पुसून टाकते.

उथळ पाण्याची गोष्ट निराळी. कृत्रिम बर्फ येण्यापूर्वी उत्तर भारताच्या मैदानात बर्फ पिकवला जात असे. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये अलाहाबादकडील पद्धतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दिले आहे. जमिनीत दोनेक फूट खोल खड्डा करायचा, त्यात उसाचे पाचट किंवा वाळलेली धाटे पसरायची, त्यावर झिलई न केलेल्या मातीची उथळ परळे ओळीने मांडायची आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतायचे. निरभ्र, निवांत रात्री परळातली उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते, खालचे पाचट जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, आणि भोवतालची हवा शून्याच्या वर असतानाही पहाटे परळात बर्फ सापडतो. सगळे श्रेय उथळपणाला. परळाच्या जागी विहीर असती तर तीच रात्र पाण्याला जाणवलीसुद्धा नसती. गोठलेल्या सरोवराच्या काठाशी उभे राहिल्यावर हे परळ आठवावे: काठचे उथळ पाणी लवकर गोठते, मधले खोल पाणी उशिरा. काठावर पाय आपटून बर्फ पक्का लागला, तरी त्यावरून मधल्या बर्फाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

बर्फ कसा वाढतो

पहिला पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा धरतो. तिथून पुढे बर्फ वरून वाढत नाही, खालच्या बाजूने वाढतो. पाण्यातली उष्णता जो थर तयार झाला आहे त्यातूनच बाहेर पडते, म्हणून थर जितका जाड तितकी पुढची वाढ मंद. दुप्पट जाडी हवी असेल तर साधारण चौपट थंडी जमा व्हावी लागते. उलट बाजूने हिशेब सुखाचा आहे: दुप्पट जाडीचा बर्फ साधारण चौपट वजन पेलतो. बर्फ पाण्याहून सुमारे ८ टक्के हलका असल्यामुळे तो तरंगतो, आणि पाय पडला की किंचित वाकून खालच्या पाण्यावर भार टाकतो. माणसाला खऱ्या अर्थाने पेलते ते पाणी. बर्फ तो भार पसरवून देतो. म्हणून धरणाचे पाणी खाली उतरले आणि बर्फाखाली पोकळी राहिली की चांगला जाड थरही दगा देतो.

वर हिम पडले की ते गोधडीसारखे काम करते. खालच्या बर्फाची वाढ थांबते, आणि नवख्याला दिसते ते फक्त शुभ्र, सपाट मैदान. या मैदानाखाली काय आहे हे डोळ्यांना कळायचा मार्ग उरत नाही.

जाडी आणि जात

थंड देशांतल्या सुरक्षा-सूचनांत एका माणसाने चालण्यासाठी किमान १० सेंटिमीटर स्वच्छ बर्फ सांगितलेला असतो. मोटारीसाठी २० ते ३० सेंटिमीटर लागतात. हे आकडे स्वच्छ बर्फाचे आहेत, म्हणजे ज्यातून खालचे काळे पाणी आरपार दिसते, जो काळा भासतो आणि म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणतो. खरे तर तोच सर्वांत मजबूत. हिम ओले होऊन पुन्हा गोठल्याने झालेला दुधाळ बर्फ दिसायला भक्कम, पण ताकदीने सुमारे निम्मा. त्यासाठी जाडी दुप्पट धरतात. हिवाळा संपताना तिसरीच जात तयार होते. उन्हाने बर्फाच्या आतले जोड सुटतात आणि सगळा थर उभ्या कांड्यांची मोळी होऊन जातो. जाडी मोजली तर फूटभर भरते, आणि पाय ठेवला की कांड्या विलग होतात.

जाडी मोजायची ती भोक पाडून. जाणकार माणूस टोकदार लोखंडी काठी घेऊन निघतो आणि दर थोड्या पावलांवर ती जोराने मारतो. काठी एका फटक्यात आरपार गेली तर तो तिथेच वळतो. गिरमिटाने पाडलेल्या भोकात वाकून पाहिले तर बर्फाची सगळी कहाणी दिसते: वर हाताच्या बोटाएवढा दुधाळ पट्टा, म्हणजे एकदा हिम पडून भिजले होते. त्याखाली हिरवट काचेसारखा भाग, त्यात चांदीच्या नाण्यांसारखे अडकलेले हवेचे बुडबुडे. आणि तळाशी हळूच वर-खाली होणारे काळे पाणी. एका भोकाने काम भागत नाही. ओढा सरोवराला मिळतो ती जागा, पाणी बाहेर पडते तो मुखाचा भाग, झऱ्यांवरची जागा, पुलाखाली, वेतगवताच्या आणि खडकांच्या कडेला, होड्या बांधतात तिथे बर्फ नेहमी पातळ असतो. दहा पावलांत जाडी निम्मी होऊ शकते.

थरार

हा अनुभव घेतलेली माणसे दृश्याबद्दल कमी आणि आवाजाबद्दल जास्त बोलतात. रात्री बर्फ थंडीने आकसतो, दुपारी उन्हाने पसरतो, आणि दोन्ही वेळा तडकतो. जवळची भेग बंदुकीच्या बारासारखी कडाडते. दूरच्या भेगेचा आवाज मात्र वेगळाच येतो, कारण बर्फाच्या पातळ पत्र्यातून उंच स्वर आधी पोचतात आणि खालचे मागून. तानसेन समारोहात डिसेंबरच्या रात्री रजई लपेटून बसलेल्या ग्वाल्हेरकराला मींड म्हणजे काय ते सांगायला नको. तार सप्तकातून एकदम मंद्रापर्यंत घसरत येणारी मींड पायांखालून गेली तर जसे वाटेल, तसा तो आवाज असतो. जाड बर्फ असा बोलतो तेव्हा बहुधा तो स्वतःला सावरत असतो. पण याचा उलट अर्थ घेऊ नये: पातळ बर्फ फुटण्यापूर्वी इशारा देतोच असे नाही.

भेगांच्या रेषेवर बर्फाचे दोन तुकडे एकमेकांवर चढून लांबच लांब वरंबा उठतो. जपानच्या सुवा सरोवरावरील अशा वरंब्याला देवाच्या येण्याजाण्याची वाट मानतात, आणि तिथल्या पुजाऱ्यांनी सरोवर गोठल्याच्या नोंदी १४४३ पासून ठेवल्या आहेत. हवामानबदल अभ्यासणाऱ्यांना आज त्या वह्या फार मोलाच्या वाटतात.

बर्फावरून मोठमोठी कामेही झाली. रशिया-जपान युद्धात, १९०४ मध्ये, सायबेरियातील बैकाल सरोवराच्या बर्फावर तात्पुरते रूळ टाकले होते. दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडला लाडोगा सरोवरावरच्या बर्फाच्या रस्त्याने धान्य पोचले. तिथे कळलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: चालत्या गाडीखाली बर्फात लाट उठते, आणि गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की एरवी वजन पेलणारा बर्फही फुटतो.

भारतात सुमारे ४,२५० मीटर उंचीवरच्या पँगाँगवर २० फेब्रुवारी २०२३ रोजी लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन झाली. एवढ्या उंचीवर बर्फाच्या आधी विरळ हवा माणसाला गाठते, म्हणून लेहमध्ये शरीराला सवय होऊ न देता थेट सरोवर गाठणे हा वेगळाच धोका आहे. दल सरोवर याच्या दुसऱ्या टोकाला. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या ‘चिल्लई कलान’मध्ये त्यावर बर्फ धरतो. १४ जानेवारी २०२१ ला श्रीनगरचे तापमान उणे ८.४ अंशांवर गेले तेव्हाही धरला होता. पण झरे, शिकारा-होड्यांची ये-जा आणि हाउसबोटींची वस्ती यांमुळे तो जागोजागी कच्चा असतो. शिकारेवाला वल्ह्याने बर्फ फोडत होडी काढतो आहे आणि पन्नास हातांवर प्रवासी त्याच बर्फावर छायाचित्रासाठी उतरतो आहे, हे दृश्य पाहून काळजाचा ठोका चुकतो.

धोका

१४ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील सरोवराचा बर्फ फुटून २१ जण पाण्यात पडले आणि सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी शेकडो लोक पुन्हा त्याच बर्फावर आले. बर्फ पुन्हा फुटला आणि ४० जण दगावले. पुढे त्या सरोवराची खोली सुमारे चार फुटांवर आणली गेली. आदल्या दिवशी सगळे वाचले, ही गोष्ट लोकांनी बर्फाची खात्री म्हणून घेतली असावी, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. तीच चूक आजही होते: समोरची चारपाच माणसे बर्फावर उभी आहेत, म्हणून आपणही जायचे. त्या चौघांनी बर्फाला किती थकवले आहे, हे पाचव्याला दिसत नाही.

उबदार हिवाळे हा धोका वाढवतात. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दहा देशांतील चार हजारांहून अधिक हिवाळी बुडण्याच्या नोंदी तपासल्या. हवेचे तापमान शून्याच्या जवळ येऊ लागले की अशा घटना झपाट्याने वाढतात, असे त्यांना आढळले. बर्फ असतो, पण पक्का नसतो, तोच काळ घातक. परदेशी स्थायिक होणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी हे महत्त्वाचे आहे. २६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, जे आपण वाळवंटी म्हणून ओळखतो, वुड्स कॅन्यन सरोवरावर चालताना बर्फ फुटून भारतीय वंशाच्या तिघांचा मृत्यू झाला.

बर्फ फुटल्यास

बर्फगार पाण्यात पडल्याबरोबर माणूस आपोआप खोल श्वास ओढतो आणि धाप लागते. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी ‘एक, दहा, एक’ हे सूत्र प्रचारात आणले: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. गारठून मरायला वेळ लागतो. माणसे जातात ती बहुतेक पहिल्या मिनिटातल्या घाबरगुंडीने किंवा हात बधिर झाल्यावर.

म्हणून पहिले मिनिट फक्त तरंगायचे. मग ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपल्याला इथवर तरी पेलले होते. कोपरांपर्यंतचे हात बर्फावर टाकून पाय मागे जोरात मारायचे, अंग आडवे करायचे आणि पोटावर सरपटत वर यायचे. गळ्यात दोरीने अडकवलेले दोन टोचे असले तर ओल्या बर्फात ते रोवून पकड मिळते. थंड देशांतले अनुभवी लोक त्यांच्याशिवाय बर्फावर उतरत नाहीत. वर आल्यावर उभे राहायचे नाही. आलेल्या वाटेने लोळत दूर जायचे.

काठावरच्याने धावत जाऊ नये. आधी काठी, फांदी, शिडी पुढे करावी, नाहीतर दोर, मफलर, साडी, जे हाताशी असेल ते फेकावे. जावेच लागले तर पोटावर झोपून. बाहेर काढलेल्याला आडवेच ठेवावे, ओले कपडे काढून कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळावे, आणि ऊब छातीला द्यावी. हातपाय चोळू नयेत, कारण त्यांतले गार रक्त हृदयाकडे परतले तर हृदय दगा देऊ शकते. दारू मुळीच देऊ नये. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट चहा घोटाघोटाने द्यावा. ‘मी आता बरा आहे’ असे त्याने कितीही सांगितले तरी त्याला चालवत नेऊ नये. उचलून किंवा घसरगाडीवर आडवा नेऊन दवाखान्यात पोचवावे.