रजोनिवृत्तीनंतरचे अस्थिस्वास्थ्य आणि एरोबिक व्यायाम

सलग १२ महिने मासिक पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी येते; पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. यानंतर हाडांची जी झीज होते ती चालणे, धावणे, नाचणे यांसारख्या एरोबिक, म्हणजे श्वास व नाडीचा वेग वाढवून काही काळ टिकवणाऱ्या व्यायामाने कितपत रोखता येते, याचा विचार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी भाषक स्त्रियांच्या संदर्भात येथे केला आहे.

हाड ही जिवंत ऊती आहे. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी नवे रचतात. अस्थिभंजक पेशींवर ईस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अंकुश असतो. अंडाशयांतून ते स्रवणे घटले की मोडतोड रचनेच्या पुढे जाते आणि पहिल्या ५ ते ७ वर्षांत काही स्त्रियांची हाडाची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरते. मणके, मनगट व खुब्याचे हाड यांच्या आतील जाळीदार भागाला याची झळ आधी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या घनतेशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थिसुषिरता, असे निदान होते. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगणाऱ्या स्त्रीचे अंडाशयही काढले आहेत का, हे विचारणे आवश्यक असते, कारण ते चाळिशीपूर्वीच काढले गेले असतील तर झीज तेव्हापासूनच सुरू झालेली असते.

हाडावर पडणाऱ्या भारानुसार त्याची घडण बदलते, हा नियम जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. मात्र कोणताही भार पुरत नाही. तो नेहमीपेक्षा जास्त, झटक्याने येणारा आणि निरनिराळ्या दिशांचा असावा लागतो. चालताना पावलागणिक शरीराच्या वजनाच्या जेमतेम १ ते १.५ पट भार पडतो, धावताना तो २ ते ३ पट होतो. त्यामुळे नुसते चालणे हृदय, रक्तदाब व मधुमेह यांसाठी उत्तम असले तरी मणक्यांची घनता त्याने फारशी वाढत नाही. पोहणे आणि सायकल यांचा हाडांना उपयोग त्याहूनही कमी. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या मणक्यांतील झीज इतरांपेक्षा सरासरी ०.८५ टक्क्यांनी कमी आढळली, तर अनेक प्रकारचे व्यायाम एकत्र करणाऱ्यांत हा फरक ३.२ टक्के होता. म्हणूनच झपझप चालण्याला चढण, पायऱ्या आणि आठवड्यातून किमान २ दिवस वजन उचलण्याचे व्यायाम यांची जोड देणे श्रेयस्कर ठरते.

‘दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला’ हा प्रश्न सीमाभागात हमखास येतो आणि तो अगदीच गैरलागू नाही. खानापूरच्या भातशेतीत डोक्यावरून भारे वाहणाऱ्या स्त्रीच्या हाडांवर भार पडतच असतो. पण रोपलावणीत तासन्‌तास कंबरेत वाकून राहणे हा हाडे बळकट करणारा भार नव्हे. मणके आधीच ठिसूळ असतील तर अशी वाकलेली ठेवण त्यांना धोक्याचीच असते. निपाणीत मांडीवर सूप घेऊन पाठ वाकवून बिड्या वळणाऱ्या स्त्रीचे काम तर बैठेच. त्यात मिसरी लावण्याची सवय असल्यास भर पडते, कारण तंबाखूने हाडांची घनता घटते. याउलट नागपंचमीची झिम्मा-फुगडी हा नाडी वाढवणारा आणि हाडांना झटके देणारा अस्सल एरोबिक प्रकार आहे; तो वर्षातून एकदाच होतो, ही त्यातली उणीव.

मणक्याचे किंवा खुब्याचे हाड पूर्वी मोडलेले असल्यास उड्या, फुगडी, पुढे वाकून वजन उचलणे आणि कंबर पिळणारी आसने टाळावीत व व्यायाम वैद्यांच्या सल्ल्याने ठरवावा. अशा स्त्रियांसाठी तोल सांभाळण्याचा सराव, उदाहरणार्थ भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, घनतेइतकाच मोलाचा असतो, कारण मनगट आणि खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळेच. पावसाळ्यात निसरड्या बांधावर आणि ओल्या न्हाणीत हा धोका अधिक.

व्यायामाला कच्चा मालही लागतो. रजोनिवृत्तीनंतर भारतीय स्त्रीला रोज १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलीग्रॅम असते, त्यामुळे आंबील व भाकरी उपयोगी पडतात, पण दूध, दही, ताक यांवाचून हिशेब पुरा होत नाही. ड जीवनसत्त्वासाठी अंगावर ऊन घेणे हितकारक असते. हाडाच्या नवनिर्मितीचे एक चक्र पूर्ण व्हायला कित्येक महिने लागत असल्याने व्यायामाचा परिणाम डेक्सात वर्ष पूर्ण होण्याआधी सहसा दिसत नाही. व्यायाम सोडल्यास मिळवलेली घनता हळूहळू ओसरते.