न मागितलेली इंद्रियं : निरोगी मुलांच्या शरीरात यंत्र बसवण्याच्या वादामागचा इतिहास

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून कानात बसवायचं यंत्र, लावलेल्या लहान मुलाच्या कानामागे, केसांत, नाण्याएवढी चकती दिसते. कातडीखाली बसवलेल्या भागाला ती चुंबकाने चिकटलेली असते. मूल दमलं, चिडलं किंवा गोंगाटाने वैतागलं की हात वर नेतं आणि चकती ओढून काढतं. त्या क्षणी सगळे आवाज थांबतात. आई ती पुन्हा लावते, मूल पुन्हा काढतं. निरोगी मुलांच्या इंद्रियांत यंत्राने भर घालावी का, या चर्चेत मला सगळ्यात आधी तो चिमुकला हात आठवतो. कारण मुलाला यंत्र नको असेल तर त्याने काय करायचं, हा वाद मुळात याच मुलांवरून सुरू झाला.

पॅरिसमध्ये १९५७ साली आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी बहिरेपण आलेल्या एका रुग्णाच्या श्रवण-चेतातंतूला थेट विजेचे संदेश दिले. त्याला आवाज जाणवले, पण संभाषण कळण्याइतकं ते ऐकणं नव्हतं. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस यांनी आणि १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रेअम क्लार्क यांनी हे काम पुढे नेलं. क्लार्क यांच्या बहुइलेक्ट्रोड (विजेचे संदेश देणारी अनेक टोकं असलेल्या) पद्धतीतून पुढे २२ इलेक्ट्रोडचं यंत्र बाजारात आलं. कानाच्या आतल्या निरोगी कर्णशंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात, त्यांच्या जागी हे २२ बिंदू. त्यामुळे बोलणं कळतं, पण संगीताची खरी गोडी क्वचितच पोचते. शिवाय इलेक्ट्रोड आत सरकवताना उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं जाऊ शकतं. बहिऱ्या मुलाच्या आईवडिलांना हा सौदा मान्य होणं समजू शकतं. चांगल्या कानावर ही शस्त्रक्रिया करणं म्हणजे हातचं घालवणं.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८४ मध्ये कॉक्लियर इम्प्लांट प्रौढांसाठी मान्य केलं. १९९० मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठीही परवानगी मिळाली आणि वादाला तोंड फुटलं. १९९१ मध्ये तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने या निर्णयाचा जाहीर निषेध केला. बाहेरच्यांना हा हट्ट वाटला, पण त्यामागे शंभर वर्षांची जखम होती. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून ओठ वाचायला आणि बोलायला शिकवावं, असा ठराव केला. हा निर्णय घेणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. ज्यांच्या भाषेवर घाला पडला, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावं लागलं. हे माहीत असलं की १९९१ चा राग कळतो: मूल आजारी नाही, त्याची स्वतःची भाषा आहे, मग त्याच्या डोक्यात यंत्र घालायचा निर्णय पुन्हा ऐकू येणाऱ्यांनीच का घ्यायचा? २००० मध्ये संघटनेने आपली भूमिका सौम्य केली. यंत्रं सुधारली होती आणि कितीतरी मुलं यंत्र आणि खुणांची भाषा दोन्ही वापरत मोठी होत होती.

मूल मोठं झाल्यावर त्यालाच विचारू, हा सरळ मार्ग होता. तो बंद झाला मेंदूविज्ञानामुळे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून ठेवला. टाके काढल्यावर डोळा ठीक होता, पण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने व्यापली होती. या कामासाठी दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. कानाचंही असंच आहे. मेंदू पहिल्या काही वर्षांत आवाजाची घडी बसवतो, नंतर ते कठीण होत जातं. म्हणून इम्प्लांटचं वय खाली येत गेलं: २००० मध्ये १२ महिने, २०२० मध्ये ९ महिने. माझ्या मते या विषयाची खरी गाठ इथे आहे. यंत्र सर्वांत चांगलं रुजतं ते नेमकं मूल 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकत नाही त्या वयात. उद्या एखादं नवं इंद्रिय देता आलं, तर त्याच्या समर्थकांचा पहिला युक्तिवाद हाच असेल: थांबलात तर उशीर होईल.

नवं इंद्रिय ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. २००२ मध्ये ब्रिटिश संशोधक केव्हिन वॉरविक यांनी स्वतःच्या हाताच्या चेतातंतूत १०० इलेक्ट्रोड बसवून घेतले आणि डोळे बांधून अल्ट्रासोनिक संवेदकांच्या आधारे अंतराचा अंदाज घेतला. जन्मतः रंग न दिसणाऱ्या नील हार्बिसन यांनी २००४ मध्ये कवटीत अँटेना बसवून घेतली. ते रंग आवाजाच्या रूपात ऐकतात, अवरक्त आणि अतिनील किरणांसह. दोघेही प्रौढ, आणि निर्णय स्वतःचा. २०१३ मध्ये ड्यूक विद्यापीठात मिगेल निकोलेलिस यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या स्पर्शकेंद्राला अवरक्त संवेदक जोडला. काही आठवड्यांत उंदीर न दिसणाऱ्या प्रकाशाचा माग काढू लागले आणि त्यांची स्पर्शाची जाणीवही शाबूत राहिली. मुलांच्या बाबतीत असं काही झालेलं नाही.

निरोगी मुलावर वैद्यकीय उपाय करणं मात्र जुनं आहे. एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला देवीच्या रोगावरची लस टोचली तेव्हा तो ठणठणीत होता. लसीचा दाखला इथे बरेचदा दिला जातो. मला तो पटत नाही, कारण देवी दारात उभी होती आणि अंधारात दिसत नाही म्हणून कुणी मरत नाही. खरा जवळचा दाखला वाढीच्या संप्रेरकाचा. २००३ मध्ये एफडीएने ते कोणताही दोष नसलेल्या, केवळ फार बुटक्या मुलांसाठीही मान्य केलं. वर्षानुवर्षं इंजेक्शनं घ्यायची आणि पदरात पडतात सरासरी काही सेंटिमीटर. उंचीचा फायदा तर इतर बुटके राहिले तरच. उपचार आणि वाढीव क्षमता यांच्यातली रेघ तेव्हाच पुसट झाली होती.

नियमांची बाजू थोडक्यात सांगतो. न्युरेंबर्ग संहितेने १९४७ मध्ये माणसांवरच्या प्रयोगांसाठी स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरवली. १९८० मध्ये तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी मुलाच्या 'खुल्या भविष्याच्या हक्का'ची कल्पना मांडली: जे दरवाजे त्याने मोठेपणी स्वतः निवडायचे, ते आईवडिलांनी आधीच बंद करू नयेत. १९८३ च्या अमेरिकी नियमांनी, मुलाला थेट लाभ नसलेल्या संशोधनात जोखमीवर कडक मर्यादा घातली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं हित आणि त्याचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क आला.

यात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे यंत्राचं आयुष्य. आर्गस २ या कृत्रिम दृष्टिपटलाला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. साडेतीनशेच्या आसपास माणसांनी ते बसवून घेतलं, सगळी प्रौढ. काही वर्षांतच कंपनीने ते बनवणं थांबवलं, मग ती डबघाईला आली. बिघाड झाला तर जायचं कुठे, हे रुग्णांना कळेना. काहींची दृष्टी पुन्हा विझली, यंत्र डोळ्यातच राहिलं. त्यांनी निदान सही तरी स्वतः केली होती. नऊ महिन्यांच्या बाळाला बसवलेली तार त्याला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं बाळगायची आहे, आणि बाहेरची चकती तो काढू शकला तरी आतली तार त्याच्या हाताला लागत नाही.