कॅज्युअल्टीतला सुरक्षा आराखडा: पार्श्वभूमी

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर गोव्यातल्या पेडण्याहून किंवा सत्तरीहून मध्यरात्री १०८ रुग्णवाहिकेतून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात आणलेला माणूस शुद्धीवर आला, की खाटेशी बसलेली आई बहुधा एकच मागते: ‘परत असं करणार नाहीस, घे माझी शपथ.’ तो घेतोही.

मायेपोटी मागितलेली ही शपथ वैद्यकातही होती. १९७३ मध्ये अमेरिकेत धोका जोखण्यासाठी ‘मी जीव देणार नाही’ असं रुग्णाकडून वदवून घेण्याची रीत मांडली गेली. पुढे तिचा सहीचा कागद झाला आणि त्याला ‘सुरक्षेचा करार’ म्हणू लागले. या शब्दानेच घोळ घातला. सही झाली की डॉक्टर निर्धास्त, रुग्ण मात्र होता तिथेच. उलट शब्द दिल्यावर तेच विचार परत आले, तर सांगायचीही चोरी. अशा कराराने जीव वाचतात याचा भक्कम पुरावा कधीच मिळाला नाही. तरी ‘सुरक्षा आराखडा’ म्हटलं की अनेकांना अजून तोच कागद आठवतो.

आराखड्यात वचन नसतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी तो सहा पायऱ्यांत बांधला गेला: चाहूल कशी लागते, तेव्हा स्वतः काय करायचं, मन रमवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर व हेल्पलाइन, घातक वस्तू घराबाहेर. तो लिहायचा रुग्णाच्याच शब्दांत: ‘देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसेन’, ‘मामाला फोन, कितीही रात्र झाली तरी’. आईचं नाव येतं ते चौथ्या पायरीवर. कागद रुग्णासोबत घरी जातो. २०१८ च्या अभ्यासात आराखड्याला नंतरच्या फोनची जोड दिली, तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली नव्हती, त्यामुळे फरक आराखड्यानेच पडला असं ठामपणे म्हणता येत नाही, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे मोकळं बोलण्याआड कायदा होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा; त्यामुळे एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद, पोलिसांचा जबाब, आणि रुग्णाचं ठरलेलं उत्तर: ‘चुकून झालं.’ १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवलं, १९९६ मध्ये पुन्हा वैध. २९ मे २०१८ ला लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत ३०९ नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. पाचव्या पायरीवर लिहायला ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांकही आहे. कॅज्युअल्टीत ‘चुकून झालं’ मात्र अजून ऐकू येतं.