तळव्याआडचा उजेड

पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या घरी लाईट गेली की आजी देवघरातलं निरांजन घेऊन माजघरात यायची. पडवीतून झुळूक आली की "वारो इलो, दिवो विझतलो" म्हणत दुसरा हात ज्योतीसमोर आडवा धरायची. तिच्या बोटांच्या कडा तेव्हा लालबुंद दिसायच्या. तो लाल रंग ज्योतीचा नव्हे, तिच्या रक्ताचा होता.

अशीच बोटं सा. ल. हळदणकरांनी कागदावर उतरवली. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. दिवा तळव्याआड जपत उभ्या असलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र 'ग्लो ऑफ होप' या नावानं प्रसिद्ध आहे आणि मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. चित्रासाठी उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. प्रत्यक्षात ते जलरंगातलं आहे, आणि मला सगळी गंमत तिथेच दिसते.

निरांजनाच्या ज्योतीत काजळीचे बारीक कण तापून पिवळे चमकतात. त्यांचं तापमान सुमारे १९०० केल्विन, म्हणून या उजेडात निळा रंग मुळातच थोडा. तो बोटांत शिरला की रक्तातलं हिमोग्लोबिन उरलासुरला निळा आणि हिरवाही शोषून घेतं. तांबडा प्रकाश तेवढा मांसात इकडेतिकडे विखुरत पलीकडे निघतो.

जलरंगातही प्रकाश असाच आत शिरतो. रंगाचा पातळ थर ओलांडून तो पांढऱ्या कागदापर्यंत जातो आणि त्याच थरातून परत येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. सगळ्यात उजळ जागा रंगवायची नसते, कोरी राखायची असते. एकदा गडद झालेली जागा पुन्हा पहिल्यासारखी उजळत नाही. जिवंत कातडीची झाक या माध्यमात इतकी खरी उतरते ती त्यामुळेच, असं मला वाटतं.

आता अंतराचा हिशोब. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. चेहरा ज्योतीपासून ३० सेंटीमीटरवर आणि भिंत ३ मीटरवर असेल, तर भिंतीवर शंभरावा हिस्साच पोचतो. चित्रातली खोली म्हणून अंधारात विरते आणि हाताच्या अंतरावरचं माणूस तेवढं उरतं.

आजीच्या निरांजनानंही माजघर कधी उजळलं नाही. दिसायचा तिचा चेहरा, नाकातली चमकी, आणि तिला खेटून बसलेले आम्ही.