मास्लोंनी तो पिरॅमिड काढलाच नव्हता

कुपवाड एमआयडीसीतलं सुपरवायझरांचं प्रशिक्षण असो की सांगलीतला एमबीएचा वर्ग, फळ्यावर माणसाच्या गरजांचा तो पिरॅमिडसारखा त्रिकोण येतोच. तळाला अन्न-पाणी, मग सुरक्षितता, आपुलकी, मान आणि टोकाला आत्मपूर्ती, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पुऱ्या फुलवणं. खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय माणूस वरचीकडे बघत नाही, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मास्लोंच्या नावावर बिनधास्त सांगितलं जातं.

अब्राहम मास्लो यांचा मूळ लेख १९४३चा. त्यात त्रिकोण नाही. तो सल्लागार चार्ल्स मॅकडर्मिड यांच्या १९६०च्या लेखात दिसतो. पण खरं नुकसान चित्रानं नाही, त्यातून पसरलेल्या अर्थानं केलं. एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी जागी होते, हा समज चुकीचा असल्याचं मास्लोंनी त्याच लेखात लिहिलंय. उदाहरणादाखल त्यांनी आकडेही दिले: सामान्य माणसाची शरीराची गरज ८५ टक्के भागलेली, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, स्वाभिमानाची ४०, आत्मपूर्तीची १०. सगळ्या एकाच वेळी, अर्धवट. काहींच्या बाबतीत क्रमही उलटतो, हेही त्यांनी नोंदवलंय.

म्हणून ‘आधी पगाराचं बघू, मानाचं नंतर’ म्हणणाऱ्या मॅनेजरला मास्लोंचा आधार नाही. लेथ मशीनवरच्या कामगाराला हातातला जॉब (घडवायचा भाग) बिघडला म्हणून चारचौघांत झापलं, तर कमी पगारातही ते त्याला लागतंच.

आपल्याच सांगली जिल्ह्यात उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसवली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्यांना पहाऱ्यावर नेमलं होतं. त्यांना भाकरी आणि विश्वास एकदमच मिळाला.